काही नाही बदललं, साहेब

नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात मी चोवीस वर्षं क्वालिटीत काढली. मशीनवरून खराब जॉब निघाला की ऑपरेटरला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "काय बदललं?" टूल बदललं, माल बदलला, माणूस बदलला की सेटिंग? काल ठीक होतं ते आज बिघडलं, म्हणजे मध्ये कुणाचा तरी हात लागलेला असतो. उत्तरही ठरलेलंच यायचं, "काही नाही, साहेब." त्या उत्तराने माझं डोकं फिरायचं. 2003 च्या पावसाळ्यात तेच उत्तर माझ्या तोंडून निघालं.

माझी गाडी 1996 ची मारुती 800. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन, कार्ब्युरेटर आणि हाताने ओढायचा चोक. बॉनेट उघडलं की सगळं डोळ्यांसमोर, आणि तेच घात करायचं. आपल्यालाही जमेल असं वाटायचं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून ऑइल पाझरत होतं. ते गरम एक्झॉस्टवर पडायचं आणि सिग्नलला थांबलं की गाडीत जळका वास यायचा. पॅकिंग ते केवढं, त्यासाठी गॅरेज कशाला, म्हणून एका रविवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बाह्या सरसावून बसलो. "उद्या त्र्यंबकला जायचंय, लक्षात आहे ना?" बायकोने गॅलरीतून विचारलं. "अर्ध्या तासाचं काम आहे," मी म्हणालो.

एअर क्लीनरचा काळा डबा काढला, प्लगच्या वायरी उपसल्या, मध्ये आलेल्या दोन-तीन नळ्या सोडवल्या. जुनं पॅकिंग कडक होऊन तुकड्या-तुकड्यांनी निघालं. नवं बसवलं, नट आडवे-तिडवे थोडे थोडे आवळले, म्हणजे कव्हर एका बाजूला दबत नाही. इथपर्यंत काम चोख झालं होतं.

स्टार्टर मारला तर इंजिन नुसतंच खोकलं आणि कार्ब्युरेटरमधून फट् करून आवाज आला. घाम फुटला. पण या इंजिनाचा फायरिंगचा क्रम एक-तीन-दोन, हे मला ठाऊक होतं. कागदावर काढून पाहिलं तेव्हा दोन आणि तीनच्या वायरी उलट्या लागलेल्या सापडल्या. अदलाबदल केली आणि गाडी सुरू झाली. त्या आनंदात ती थरथरतेय इकडे मी काणाडोळा केला.

दुसऱ्या दिवशी, श्रावणातल्या गर्दीत, त्र्यंबक रोडवर गाडी छान पळत होती. मायको सर्कलला थांबलो आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुढच्या सिग्नलला पुन्हा बंद. मागच्यांच्या हॉर्नने जीव नको झाला. त्र्यंबक राहिलं, घरी परतलो. स्क्रूड्रायव्हर घेऊन कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून रेस वाढवली. बंद पडणं थांबलं, थरथर राहिली. मग नवे प्लग आणले. तरी थरथर तशीच. ऑपरेटरने मूळ कारण न शोधता नुसता ऑफसेट वाढवून जॉब मापात आणला, तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. इथे मी स्वतः तेच करत होतो.

आठवड्याने द्वारका चौकाजवळच्या एका मिस्त्रींकडे गेलो. बॉनेट उघडताना त्यांनी विचारलं, "काय काम केलं होतं आधी?"

"काही नाही," मी म्हणालो. "आपोआपच झालं."

का म्हणालो, ते नीट सांगता येत नाही. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, हे एक कारण असावं.

मिस्त्री काही बोलले नाहीत. काळवंडलेल्या इंजिनावर कव्हरच्या कडेने डोकावणाऱ्या नव्याकोऱ्या पॅकिंगवरून त्यांनी बोट फिरवलं, एवढंच. गाडी सुरू करून प्लगचे टॉप एकेक करून उपसले. प्रत्येक वेळी इंजिन दबलं, म्हणजे तिन्ही सिलिंडर काम करत होते. मग त्यांनी चोक अर्धा ओढला आणि थरथर जवळजवळ थांबली.

"हवा घेतंय," ते म्हणाले.

चोक ओढला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याने इंजिन शांत झालं, याचा अर्थ एरवी त्याला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळत होतं. कार्ब्युरेटरला चुकवून कुठून तरी हवा आत शिरत होती. गाडी पळताना इंजिन भरपूर हवा ओढतं, त्यात ही चोरटी हवा जाणवत नाही. उभ्या गाडीत मात्र ओढ मुळातच कमी, तिथे तेवढ्यानेच गणित बिघडतं.

मिस्त्रींनी हातभर रबरी पाइप घेतला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाभोवती फिरवू लागले. एअर क्लीनरच्या डब्याखाली हात थांबला. डबा उतरवला. खाली मॅनिफोल्डचं करंगळीएवढं तोंड उघडं होतं आणि त्याची नळी शेजारी लोंबत होती. रविवारी मीच काढलेली.

"बोट लावा," ते म्हणाले. लावलं. कातडी आत खेचली गेली आणि त्याच क्षणी इंजिनाची थरथर थांबली.

त्यांनी नळी बसवली आणि इंजिन एकदम भोंग्यासारखं ओरडायला लागलं. मिस्त्री माझ्याकडे बघून हसले. "साहेब, रेसपण आपोआपच वाढली का?"

मग मी सगळं सांगितलं. पॅकिंग, उलट्या वायरी, स्क्रू, प्लग, सगळं. त्यांनी स्क्रू मागे फिरवून रेस जागेवर आणली, पन्नास रुपये घेतले आणि म्हणाले, "आधी सांगितलं असतं तर पहिला हात इथेच घातला असता."

आता मुलाच्या गाडीत असा बिघाड झाला आणि स्कॅनर लावला की पडद्यावर पी0171 असा कोड येतो. मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, एवढं तो सांगतो. कोणती नळी सुटलीय ते सांगत नाही, आणि ती कुणी सोडली ते तर नाहीच. म्हणून मुलगा काही उघडायच्या आधी मोबाइलवर फोटो काढतो. आमच्या वेळी खडूची खूण चालली असती. मी तीही केली नव्हती.

मिस्त्रींकडे गेलो त्याच आठवड्यात कारखान्यात एका जॉबचं बोअर मोठं निघालं. मी ऑपरेटरला विचारलं, "काय बदललं?"

"काही नाही, साहेब."

या वेळी मी चिडलो नाही. स्टूल ओढून बसलो आणि त्याला नळीची गोष्ट सांगितली, रेसच्या स्क्रूसकट. तो पोट धरून हसला. मग हात पुसत म्हणाला, "रात्री इन्सर्ट बदलली होती, साहेब."