गोळीचा पुरावा आणि धीमी लोकल

समोर फास्ट उभी असताना डोंबिवलीचा माणूस मुद्दाम धीमी का पकडतो, याचं एक कारण माझ्या ओपीडीत कळतं. फास्ट डोंबिवलीहून सुटली की बहुतेकदा थेट ठाणं. धीमी मात्र कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा करत जाते. लोकलमध्ये शौचालय नाही, तेव्हा कळ आलीच तर निदान उतरता तरी येतं. या आजाराचं नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज, जखमा, आव-रक्त. मूळव्याध समजून मलमांत घालवलेले काही महिनेही बहुधा पाठीशी असतात.

सौम्य आजाराला मेसालामिन. दिवसाचा डोस विभागून घ्या की एकदम, चाचण्यांत फरक दिसलेला नाही. सकाळच्या गाडीच्या धांदलीतल्यांना मी एकदमच घ्यायला सांगते.

त्यावर भागलं नाही तर टोफासिटिनिबसारखी गोळी. तिच्या ‘ऑक्टेव्ह’ चाचण्या २०१७ साली प्रसिद्ध झाल्या. पहिलीत आठ आठवड्यांनी आजार शमलेले रुग्ण औषधावर १८.५ टक्के, प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या गोळीवर, ८.२. हे मोबाइलवर वाचून आलेल्यांचा चेहरा पडलेला असतो, “मॅडम, शंभरात अठराच?” पण ‘शमला’ याची व्याख्या कडक होती: रक्त अजिबात नको आणि दुर्बिणीतून आतडं जवळजवळ निरोगी दिसायला हवं. शिवाय निम्म्याच्या आसपास रुग्णांवर आधीची महागडी इंजेक्शनं फसलेली होती. उलट वर्षाअखेरचे आकडे झकास दिसतात, मोठ्या डोसवर ४१ टक्के आणि प्लासिबोवर ११. तिथे मात्र मीच हात आखडता घेते. त्या टप्प्यात फक्त पहिल्या आठ आठवड्यांत गुण आलेलेच घेतले होते. चाळून घेतलेल्यांचे आकडे ते.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. या चाचण्यांतला ‘मेयो स्कोअर’ बारा गुणांचा: शौचाला किती वेळा, रक्त किती, दुर्बिणीत काय दिसलं, डॉक्टरांचं मत काय. घाई किती होते, हे त्यात विचारतच नाहीत. सहा वेळा जाणारा, पण पंधरा मिनिटं कळ रोखू शकणारा ऑफिस गाठतो. दोनदाच जाणारा, पण एका मिनिटाची उसंत नसलेला घरी बसतो. उपाडासिटिनिब या तशाच गोळीच्या २०२२ मध्ये छापून आलेल्या चाचण्यांत हे वेगळं विचारलं, तेव्हा आठ आठवड्यांत साधारण निम्म्यांची घाई गेली होती. प्लासिबोवर पाव भागाची. मला हा आकडा बाकीच्यांपेक्षा मोलाचा वाटतो.

आणि हळद? प्रत्येक घरातून विचारणा होते. दिल्लीच्या एम्समध्ये हळदीतलं कर्क्युमिन रोज ४५० मिलिग्रॅम देऊन प्लासिबोपेक्षा फायदा दिसला नाही. परदेशात ५० जणांच्या छोट्या चाचणीत मेसालामिनच्या जोडीला रोज तीन ग्रॅम दिलं, तेव्हा ठळक फरक पडला. हळदीत कर्क्युमिन असतं जेमतेम तीन-चार टक्के. म्हणजे रोज शंभरेक ग्रॅम हळद आली. दुधातून प्या म्हणावं!

टोफासिटिनिबच्या भारतीय जेनेरिक गोळ्या आता बऱ्याच जणांच्या आवाक्यात आल्या आहेत. “इंजेक्शन नको, गोळी कशी सौम्य,” असा समज त्यासोबत आलाय. हे औषध प्रतिकारशक्तीला लगाम घालतं. नागीण उठू शकते, दडून बसलेला टीबी डोकं वर काढू शकतो. म्हणून छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी, दोन्ही रिपोर्ट हातात आल्याखेरीज मी चिठ्ठी लिहीत नाही, मग कल्याणहून दुसरी खेप पडते म्हणून नातेवाईक कितीही कुरकुरोत.