आकडा खोडू नका

आपल्या मध्य प्रदेशातच, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली १६ शाळांमधून विज्ञान शिकवण्याची एक वेगळी पद्धत सुरू झाली. सहावी ते आठवीच्या मुलांनी धडे पाठ करायचे नाहीत, हाताने करून पाहायचं आणि दिसेल ते वहीत लिहायचं. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात प्रश्न भरपूर, तयार उत्तरं कमी. परीक्षेतसुद्धा पुस्तक-वही उघडून बसायची मुभा होती! पुण्याच्या टेल्कोतले इंजिनियर अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले आणि काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून मुलांसाठी खेळणी करू लागले. २००२ साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला. पण काड्या, दोरा, दगड कोण बंद करणार?

आमच्या मंडळात रविवारी सकाळी मुलांसाठी एक तास असतो. तिथे मी हेच प्रयोग करून घेते. मला सगळ्यात आवडतो तो लंबकाचा. दोऱ्याला दगड बांधायचा, दोरा टेबलाच्या कडेला चिकटवलेल्या पेन्सिलीला अडकवायचा. पेन्सिलीपासून दगडाच्या मध्यापर्यंत बरोबर एक मीटर. टेबल बुटकं असेल तर ते चार विटांवर चढवायचं.

“दगड जड घेतला तर झोका लवकर होईल का?” असं विचारलं की बहुतेक हात वर होतात. मग लहान दगड, मोठा दगड, दोन्ही मोजायचे. वेळ तेवढाच! मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. नंतर दोरा २५ सेंटीमीटरचा करायचा. लांबी चौथाई झाली की वेळ निम्मा होतो, हे कुणी न सांगता सापडतं.

एकदा पाच गटांनी एक मीटरच्या लंबकाचे १० झोके मोजले. चार गटांचं उत्तर आलं १८ सेकंद. पाचव्या गटातल्या सहावीच्या एका मुलाने २० लिहिलं होतं. शेजारच्या वह्यांत डोकावून त्याने ते हळूच खोडलं आणि १८ केलं. विचारलं तर म्हणाला, “काकू, सगळ्यांचं अठराच आहे ना!”

मी त्याला सगळ्यांसमोर पुन्हा मोजायला लावलं. दगड सोडताना तो म्हणाला, “शून्य.” दगड जाऊन परत आल्यावर, “एक.” बाकीचे गट दगड सोडतानाच “एक” म्हणत होते. म्हणजे त्यांचे १० झोके खरं तर नऊच! एक मीटरच्या लंबकाला जाऊन-येऊन साधारण दोन सेकंद लागतात, त्यामुळे नऊ झोक्यांचे १८ आणि दहांचे २०. चूक चौघांची होती, आणि खोडरबर पाचव्याच्या हातात होता.

तेव्हापासून आमचा एकच नियम आहे: आकडा खोडायचा नाही. वेगळा आला तर शेजारी दुसऱ्यांदा मोजून लिहायचा, आणि फरक का पडला ते शोधायचं. शाळेत मार्क जातील या भीतीने मुलं प्रयोगवहीत ‘यायला हवं’ ते उत्तर लिहितात. ही सवय एकदा लागली, की पुढे स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं अवघड जातं.

घरी करून बघा. मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरेसं आहे. आई-बाबांना एकच विनंती, उत्तर आधी सांगू नका.

पुढच्या रविवारी काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूब. चार काड्यांचा चौकोन बोटाने ढकलला की कलंडतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही. येताना वाटेत एखाद्या पत्र्याच्या शेडची कैची नीट बघून या. त्यात त्रिकोण किती आहेत, ते मोजून वहीत लिहा. शेजाऱ्याचा आकडा वेगळा आला तरी चालेल.