तुझ्या मंडळाचं नाटक

प्रिय सखे,

तुमच्या मस्कतच्या मंडळाच्या कार्यक्रमात यंदा काहीतरी ‘सामाजिक’ करायचं म्हणतेस आणि लगेच विचारतेस, लोक कंटाळणार तर नाहीत ना? अगं, कंटाळा विषयाचा येत नाही. ज्याला त्या दुःखाचा वाराही लागलेला नाही, असा नट केविलवाणा चेहरा करून ते सांगायला लागला की येतो. म्हणून आधी तुला ‘सत्यशोधक’बद्दल सांगते.

नाटक गो. पु. देशपांडे यांचं, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या आयुष्यावरचं. २०१२ साली अतुल पेठे यांनी ते बसवलं, पुणे महानगरपालिकेच्या सफाई कामगारांना घेऊन. याच कामगारांच्या जगण्यावर त्यांनी आधी ‘कचराकोंडी’ हा माहितीपट केला होता, त्यामुळे ओळख जुनी. मुक्ता मनोहर आणि त्यांची कामगार युनियन पाठीशी उभी राहिली. रस्ते झाडणारी माणसं जोतीरावांचे संवाद बोलायला लागली. आता गंमत बघ, जोतीराव स्वतः १८७६ पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते! व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसे उधळायला त्यांनी विरोध केला होता. त्याच पालिकेचे झाडूवाले त्यांची गोष्ट सांगतात, तेव्हा ती जयंतीच्या भाषणातली राहत नाही, घरातली होते.

आणि जोतीराव तर स्वतःच नाटककार. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं. जोशीबुवा एका गरोदर कुणबी बाईला आणि तिच्या नवऱ्याला ग्रहांची भीती घालून कसे लुबाडतात, एवढीच गोष्ट. मधे मधे विदूषक येऊन सगळ्यांचं पितळ उघडं पाडतो. शेवटी ते जोडपं शिकायला फुल्यांच्या शाळेकडे निघतं. पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाकारलं. नाकारणारच! नाटकातून एवढं उघड कोण बोलत होतं तेव्हा?

सिनेमाचं म्हणशील तर ‘कोर्ट’ बघच. चैतन्य ताम्हाणेचा, २०१५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला. एका शाहिरावर खटला चालतो, कारण काय, तर त्याचं गाणं ऐकून म्हणे एका गटार कामगाराने जीव दिला. शाहिराचं काम केलं वीरा साथीदार यांनी, नागपूरचे आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते. २०२१ मध्ये कोरोनाने गेले, फार हळहळ वाटली. त्यातली मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष मी विसरूच शकत नाही. नवरा गटारात उतरण्याआधी झुरळ दिसतंय का बघायचा. झुरळ जिवंत, म्हणजे आत हवा आहे. एवढीच त्याची सुरक्षा. ती हे रडत-भेकत सांगत नाही, विचारलं तेवढंच बोलते. ते काम करणारी बाई खरोखरच एका गटार कामगाराची विधवा होती. माणसाला असं गटारात उतरवायला बंदी करणारा कायदा २०१३ चा आहे, तरी मृत्यू थांबलेले नाहीत. मला तर वाटतं, शंभर अहवालांनी जे होत नाही ते त्या साक्षीने होतं.

तर माझं ऐक, ‘तृतीय रत्न’ घे. पात्रं मोजकी आहेत, नेपथ्य लागत नाही, विदूषक लोकांना हसवेल. भाषा जुनी आहे, पण मोठ्याने वाचली की सुटत जाते. भूमिका मात्र नेहमीच्या हौशी चौकडीत वाटू नकोस. मस्कतला आपल्याकडचे ड्रायव्हर, स्वयंपाकाला आलेल्या बायका असतीलच की. कार्यक्रमाला त्यांना मागच्या रांगेत बसवण्यापेक्षा तालमीला बोलाव. कुणबी बाईचं काम त्यांच्यातल्याच कुणाला तरी दे, आणि तालमीची वेळ त्यांच्या सुट्टीप्रमाणे ठरव. कुणी म्हणेल, ‘त्यांना संवाद पाठ होणार नाहीत.’ ‘सत्यशोधक’चं उदाहरण दे.

संहिता फुल्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. फोटो काढून आजच पाठवते. भूमिका ठरल्या की कळव.

तुझीच