एसटीचा हॉर्न

आपल्याकडे सायकल चालवण्याजोगं काही नाही, हे माझं मत होतं आणि कुणी न विचारताही मी ते देत असे. डोंबिवलीत फडके रोडला आमचा संध्याकाळचा कट्टा जमतो. सोसायटीतली चार-पाच पोरं तिथे येऊन सांगायची, आज मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, आज बारवी धरणाला वळसा मारला. मी ऐकून घ्यायचो आणि मग त्यांना इटलीतलं लेक कोमो ऐकवायचो.

यामागे माझं एक जुनं दुखणंही होतं, ते आधी सांगून टाकतो. माझ्या लहानपणी सायकल ही ज्याला स्कूटर परवडत नाही त्याची वस्तू होती. बँकेत नोकरी लागल्यावर मी पहिल्या संधीला ती विकली आणि पुढे तीसेक वर्षं सायकलवाला दिसला की मला तो गरीब तरी वाटायचा, नाहीतर विक्षिप्त. सायकल मला पटली ती परदेशी पाण्यात धुऊन आल्यावर. मुलगी मिलानला नोकरीला आहे. निवृत्तीनंतर तिच्याकडे गेलो, तिने हौसेने भाड्याची सायकल काढून दिली आणि कोमो गावातून तळ्याच्या कडेकडेने नेसो, मग बेलाजिओ, आणि तिथून वर मादोन्ना देल घिसालोपर्यंत मी गेलो. धापा टाकत, थांबत, पण गेलो.

ती जागा आहेच तशी. 754 मीटर उंचीवर एक छोटंसं जुनं देऊळ. 1949 मध्ये पोप पायस बारावे यांनी तिथल्या मादोन्नाला, म्हणजे मेरीमातेला, सायकलस्वारांची रक्षणकर्ती म्हणून जाहीर केलं. आत भिंतींवर सायकली टांगल्यात, देवाला वाहिलेल्या. फाउस्तो कोप्पी, जिनो बार्ताली, एडी मर्क्स अशा नामवंत शर्यतपटूंच्या. जिरो दी लोम्बार्दिया ही 1905 पासूनची शर्यत याच डोंगरांतून जाते. कोप्पीने ती पाचदा जिंकली. आणि तिथेच फाबिओ कासार्तेल्लीची मोडलेली सायकल आहे. तो याच कोमो भागातला. 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकचं सुवर्णपदक मिळवलेला, आणि 1995 च्या टूर द फ्रान्समध्ये उतारावर पडून गेलेला. मी त्या वाकलेल्या सांगाड्यासमोर बराच वेळ उभा होतो. बाहेर येऊन फोटो काढला आणि तो पुढे कितीतरी महिने माझा व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी होता.

कट्ट्यावर माझा हुकमी किस्सा मात्र देवळाचा नव्हता, बसचा होता. कोमो ते बेलाजिओ रस्ता अरुंद आहे. एका हाताला दगडी भिंत, दुसऱ्या हाताला खाली पाणी, आणि दर दोन मिनिटांनी आंधळं वळण. वळणाच्या अलीकडे तिथली बस हॉर्न वाजवते, समोरच्याला कळावं म्हणून. नेसोजवळ एक बस माझ्यामागे अशीच आली. हॉर्न वाजवला, समोरची गाडी जाऊ दिली, मग मला भरपूर जागा सोडून सावकाश पुढे गेली. हे मी हातवारे करून सांगायचो. शेवटी म्हणायचो, “याला म्हणतात संस्कृती. आपल्याकडे हॉर्न म्हणजे ‘मर नाहीतर बाजूला हो.’”

पोरं हसायची. एकानेच एकदा शांतपणे विचारलं, “काका, आम्ही ती 200 किलोमीटरची ब्रेव्हे करतो ना, साडेतेरा तासांवाली, तिचं मूळ कुठलं माहितीये?” मला माहीत नव्हतं. त्यानेच सांगितलं, 12 जून 1897 ला बारा इटालियन सायकलस्वार रोमहून नेपल्सकडे निघाले होते, 230 किलोमीटर, सूर्योदय ते सूर्यास्त. ठरलेल्या वेळेत लांब पल्ला पुरा करायचं ऑडॅक्स म्हणून आज जगभर जे चालतं, ज्यात ही ब्रेव्हेही येते, त्याची ती सुरुवात. म्हणजे इटलीचं जे काही घेण्यासारखं होतं ते या पोरांनी माझ्या आधी घेतलं होतं आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर ती ते चालवत होती. मी काय आणलं होतं? डीपी.

त्याच पोराने मग फोनवर हिशेब मांडला. कोमोच्या तळ्याचं पाणीच मुळात समुद्रसपाटीपासून 198 मीटरवर. घिसालो 754. म्हणजे बेलाजिओच्या काठावरून चढ साडेपाचशे मीटरचा. माळशेजचा माथा सातशेच्या आसपास आणि कल्याण खाडीकाठचं, जवळपास शून्यावरचं. “काका, तुम्ही अर्ध्या जिन्यापासून सुरुवात केली होती.” घिसालोचा चढ थोडक्या अंतरात संपतो आणि म्हणून फार तीव्र आहे, माळशेजचा ऐंशी-नव्वद किलोमीटरांवर पसरलेला, हे मी लगेच सुनावलं. आजही सुनावेन. पण आकडा डोक्यात राहिला. माळशेजला मी आयुष्यभर गेलो होतो तो गाडीतून, पावसात, भजी खायला. त्या रस्त्याला चढ आहे हे माझ्या पायांना कधी कळलंच नव्हतं.

थंडी पडल्यावर गेलो पोरांबरोबर माळशेजला. खरं सांगायचं तर त्यांना चुकीचं ठरवायला गेलो. पहाटे निघालो तेव्हा शहाडच्या पुलावर ट्रकांची रांग, म्हारळ-वरप-कांब्यापर्यंत धूळ, आणि मी मनात एकेक खड्डा मोजून ठेवत होतो, कट्ट्यावर वापरायला. रायत्याला उल्हास नदी ओलांडली, गोवेली मागे पडली आणि उजाडलं. मुरबाडला मिसळ खाल्ली. पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे. नाणेघाटाची वाट इथूनच वर चढते. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल जुन्नरला जायचा तो त्या वाटेने, जकातीचा दगडी रांजण अजून वर आहे. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. आपण त्याच दिशेने, त्याच चढावर निघालोय हे मात्र तोवर डोक्यात शिरलं नव्हतं.

मोरोशी सोडल्यावर रस्ता डोंगराच्या अंगावर जातो. पोरं पुढे निघून गेली. मी सगळ्यात हलक्या गिअरवर, चेनची करकर ऐकत, घाम डोळ्यांत जातोय आणि हात सोडून पुसायची हिंमत नाही अशा अवस्थेत. कठड्यावर वानरं बसलेली. वर कड्यावर पावसाळ्यातल्या धबधब्यांचे काळे ओघळ तेवढे उरलेले. एका वळणाच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. दोनदा आखूड, एकदा लांब. माझ्या तोंडून शिवी गेली. मनात नाही, मोठ्याने. “दिसत नाही का रे” पासून सुरू होणारी.

बस पुढे आली नाही. मागेच राहिली, पहिल्या गिअरमध्ये घुरघुरत. आणि वळणातून एक ट्रक उतरला, अर्धा आमच्या बाजूला आलेला. हॉर्न ऐकून तो आधीच दबकत येत होता. तो आपली बाजू धरून खाली गेला. मग बस माझ्या शेजारून आली, इतकी सावकाश की मला तिची पाटी वाचता आली, आळेफाटा. कंडक्टरने खिडकीतून हात बाहेर काढला आणि म्हणाला, “सावकाश या, काका. पुढं अजून दोन वळणं आहेत तशीच.”

मी पाय टेकला. दम लागला होता, पण थांबलो त्यासाठी नाही.

नेसोची बस आणि ही बस यांत मला फरक सापडेना. रस्ता तसाच, वळण तसंच, हॉर्न त्याच कारणासाठी आणि सोडलेली जागाही तेवढीच. तिथे मी कौतुकाने मागे वळून हात हलवला होता, इथे शिवी दिली होती. ट्रक आला नसता तर ती शिवी मी घरी घेऊन आलो असतो आणि संध्याकाळी किस्सा म्हणून सांगितला असता. लोक हसले असते.

आणि तिथे उभं राहिल्यावर एकेक गोष्ट वर यायला लागली, जी मी कधीच सांगितली नव्हती. कोमोतून बाहेर पडताना एका गाडीचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला होता. मी रस्त्याच्या मधोमध चालवतोय म्हणून एक म्हातारा इटालियन खिडकीतून मला काहीबाही ओरडला होता, मुलीने त्याचा अर्थ सांगायचं टाळलं. रविवारी त्या तळ्याकाठी गाड्यांची इतकी गर्दी होती की आम्ही बराच वेळ एकाच जागी उभे होतो. हे सगळं मी कापून टाकलं होतं. तिकडचं वाईट ते मी अपघात म्हणून सोडून दिलं आणि इकडचं चांगलं ते अपवाद म्हणून. बँकेत असताना कुणी हिशेब असा लिहिला असता तर मी त्याला केबिनमध्ये बोलावलं असतं.

का केलं मी असं? पैसे खर्च करून गेलो होतो म्हणून? मुलगी तिथे राहते, तर ते ठिकाण चांगलंच असलं पाहिजे, म्हणून? दुसरं कारण जास्त खरं असावं. तिच्या जाण्याचं समर्थन मी इथल्या रस्त्यांच्या खड्ड्यांतून करत होतो. हे लिहितानाही जरा लाजल्यासारखं होतंय.

एक पोरगा उतारावरून मला शोधत खाली आला. “काका, पंक्चर?”

“नाही रे. पाणी पितोय.” बाटली अजून सायकललाच होती.

बोगदा ओलांडून माथ्यावर आलो. तिथून पुढे रस्ता सपाट होतो आणि खुबी फाट्याच्या बाजूला पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं, पलीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. चहा घेतला. तिथे मी फार काही बोललो नाही. कट्ट्यावर नंतर एकदा सांगितलं, अडखळत, नेसोची आणि आळेफाट्याची बस एकत्र. पोरांना विशेष काही वाटलं नाही. एकाने फक्त विचारलं, पुढच्या वेळी तानसाला येणार का.

गेलो. 1892 साली बांधून झालेलं ते दगडी धरण मी इतकी वर्षं मुंबईच्या पाण्याच्या बातमीत वाचलं होतं, पावसाळ्यात ‘तानसा भरला’ म्हणून. तानसा शहापूर तालुक्यात, भातसा धरणही तिथेच. हा तालुका मुंबईला पाणी देतो आणि उन्हाळ्यात त्याच्याच पाड्यांवर टँकर लागतात, हेही वाचलेलंच होतं. सायकलवरून जाताना तळ्याचं पाणी आणि रिकामे हंडे यांच्यातलं अंतर पायांनी कापावं लागतं. ते फारसं नाही. कोमोच्या फोटोत असलं काही येत नाही म्हणून मला ते आवडत होतं का, हा प्रश्न तेव्हापासून मागे लागलाय.

आता उलट्या टोकाला जाऊन आपलंच सगळं छान असंही मी म्हणणार नाही. 2024 च्या अखेरीपासून इटलीच्या वाहतूक कायद्यात सायकलस्वाराला ओलांडताना जमेल तिथे दीड मीटर अंतर ठेवायला सांगितलंय. तसं काही इथे यावं, आणि नुसतं कागदावर नको, असं मला मनापासून वाटतं. पावसात माळशेजला सायकल नेणार नाही, दरडींची भीती खोटी नाही. आणि शहाडच्या पुलाबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही.

मुलगी डिसेंबरात येतेय. तिने विचारलं, बाबा, या वेळी काय बघायचं? मी आधी ठाण्याला नेणार आहे, उपवन तलावाच्या काठावरून सुरू होणारा येऊरचा चढ. तळं खाली, डोंगर वर, तिला ओळखीचं वाटेल. तो झेपला तर मुरबाडच्या पुढे. शहाडपर्यंत सायकली टेम्पोत टाकू, असं मी सुचवलं. पोरं म्हणतात, ते चालणार नाही, चढ शून्यापासूनच मोजायचा.