डबल सायलेन्सर

अब्बांची प्रीमियर पद्मिनी अजून दारात उभी आहे. मागच्या महिन्यात सायलेन्सर गंजून फुटला, तेव्हा भाचा म्हणाला, "मामू, आता डबल सायलेन्सरच बसवू. आवाज कसला भारी येईल!" खरं सांगायचं तर मलाही मोह झाला.

कुर्ल्याच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून समजावलं. अमेरिकन व्ही-८ इंजिनात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, दोन्हींकडून धूर वेगवेगळा निघतो. तिथं दोन पाइप लावले की धुराला वाट मोकळी होते आणि इंजिनाला जोर येतो. पद्मिनीचं इंजिन १,०८९ सीसीचं. चारच सिलिंडर, एकच रांग, एकच मॅनिफोल्ड. "मागे पाइपाला दोन तोंडं काढली तर ताकद वाढणार नाही, आवाज तेवढा वाढेल."

भाचा हिरमुसला. मला मात्र अब्बा आठवले. एकदा असाच सायलेन्सर फुटला होता आणि नव्याला पैसे नव्हते. फजर पढून कामावर निघताना ते गाडी दारात सुरू करत नसत. मी मागून ढकलायचो, ते बाहेरून स्टिअरिंग धरून चालायचे. गल्ली संपली की चावी फिरवायचे. म्हणायचे, "शेजाऱ्यांची झोप मोडून कुठल्या रोजीत बरकत येणार?"

भाच्याला हे ठाऊक नव्हतं. तो काही बोलला नाही. मिस्त्रींनी पहिल्यासारखाच एकेरी पाइप जोडला. पाना मागून घेऊन शेवटचा क्लॅम्प त्यानंच आवळला.