जिन्याखालचे स्टूल

फाइलीचा निकाल लावणे आणि एखाद्या गोष्टीचा विचार करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, हे बारा वर्षांच्या कारकुनीत मी जवळजवळ विसरून गेलो होतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या कोलकात्याच्या कचेरीतील कर्मचाऱ्यांना सुरक्षिततेचे प्रशिक्षण द्यावयाचे ठरले व तीन दरपत्रके माझ्यापुढे आली. सर्वांत स्वस्त संस्था दोन तासांचे इंग्रजी व्याख्यान आणि प्रमाणपत्र देणार होती. दर किमान, सबब हरकत नाही, असा शेरा मी लिहूनही टाकला.

त्याच सायंकाळी दप्तरखान्यात असताना वीज गेली. रात्रीचा पहारेकरी बॅटरी घेऊन आला. जिन्याखालच्या स्टुलावर रात्र काढणारा हा छपऱ्याकडचा म्हातारा. भिंतीवर उजेड टाकून त्याने विचारले, "बाबूजी, हे लाल नळकांडे चालवायचे कसे?"

मी पदवीधर, पण मला सांगता येईना. तेथे दोन नळकांडी होती. एक पाण्याचे, दुसरे कार्बन डायऑक्साइडचे. विजेच्या आगीवर पाणी मारू नये, एवढेही त्याला कुणी सांगितले नव्हते. मला एकदम २०१० सालची पार्क स्ट्रीटवरील स्टीफन कोर्टची आग आठवली. गच्चीच्या बंद दारापाशी जिन्यातच कित्येकांचा अंत झाला होता. आमच्या गच्चीलाही कुलूपच असते.

घरी जाण्यापूर्वी मी प्रशिक्षणार्थींची यादी पाहिली. तीत म्हाताऱ्याचे नाव नव्हते. तो ठेकेदाराचा माणूस!

दुसऱ्या दिवशी मी माझाच शेरा खोडला. शिक्षण हिंदीत व बंगालीत असावे, प्रत्येकाने नळकांडे स्वतः हाताळावे, पहारेकरी व सफाईवाले यांनाही बोलवावे, अशा अटी घालून दरपत्रके नव्याने मागवावीत, असे लिहिले. "ते आपल्या आस्थापनेवर नाहीत," साहेब म्हणाले. "रात्री इमारतीत तेवढेच असतात, साहेब," मी म्हणालो. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि त्यांनी सही केली.

मार्चमध्ये अंगणात प्रात्यक्षिक झाले. मी गडबडीत पिन न काढताच मूठ दाबीत राहिलो. म्हाताऱ्याने मात्र शांतपणे पिन ओढली, नळी ज्वाळांच्या बुडाशी रोखली आणि आग विझवली. नंतर तो पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसला.

गच्चीची किल्ली अद्याप साहेबांच्या खणातच आहे. तिच्यासाठी मी दुसरी फाइल उघडली आहे.