सावलीची बाजू

आष्टी ते आल्लापल्ली या प्रवासात माझी जागा गेली, आणि ती ज्या रीतीने गेली ते मला आजही पटलेलं नाही. घरी विषय निघाला की सगळे हसतात. मी हसत नाही, कारण त्या गाडीत सावलीचा हिशोब करून बसलेली मी एकटीच होते.

माझी थोरली बहीण आणि भाऊजी पुण्याला असतात. मे महिना लागला की ते उत्तरेला निघतात. कुलू, मनाली, मसुरी, नैनिताल. परत आले की तिथल्या गर्दीची तक्रार, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिकडचीच तिकिटं. एका वर्षी मी हट्टच धरला, यंदा माझ्याकडे चंद्रपूरला या. मे महिन्यात चंद्रपूर म्हटल्यावर त्यांच्या सोसायटीतल्या लोकांनी ताईची समजूत काढायचा प्रयत्न केला म्हणे. पण ती आली. येताना थंडीचे कपडे नाहीत म्हणून बॅग हलकी झाली, हा तिला झालेला पहिला आनंद.

चंद्रपूरच्या उन्हाबद्दल बाहेरच्यांना सांगून काही कळत नाही. पारा ४६ वर असतो आणि ४४ वर उतरला की आमच्याकडे लोक एकमेकांना सांगतात, आज बरं आहे. ताईने हे वाक्य माझ्या शेजारणीच्या तोंडून ऐकलं आणि तिला वाटलं शेजारीण थट्टा करते आहे. ती थट्टा करत नव्हती. घराबाहेर पडताना मी भाऊजींच्या खिशात कांदा ठेवला. लू लागू नये म्हणून आमच्याकडे सगळेच ठेवतात. ते शिकलेले इंजिनीअर, त्यांनी मला त्यामागचं शास्त्र विचारलं. मी म्हटलं, शास्त्र संध्याकाळी बोलू, आधी कांदा ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन टोपलीतला त्यातल्या त्यात मोठा कांदा निवडला. रात्री वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर कोणी झोपायचं यावरून घरात जी बोलणी झाली ती वेगळीच.

ताडोबा झालं. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं, आमच्या जिल्ह्याचा अभिमान. उन्हाळ्यात वाघ पाण्यात येऊन बसतो, त्यामुळे दिसण्याची शक्यता जास्त. आम्हालाही दिसला. म्हणजे ताईला दिसला. भाऊजींच्या पुढे दुसऱ्या जिप्सीतला एक उंच माणूस उभा राहिला आणि त्यांनी वाघ पाहिला तो त्या माणसाच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर. एवढ्या लांब येऊन वाघ पडद्यावरच पाहायचा तर पुण्यात काय वाईट होतं, असं ते दिवसभर म्हणत होते. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. कोणीही भेटो, ते विचारायचे, इकडे वाघ दिसतो का?

मार्कंड्याला एका नातलगाच्या गाडीने जाऊन आलो. वैनगंगा तिथे उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर कोरीव देवळांचा समूह आहे. दगडावरची शिल्पं पाहायला माणसाने तासन्‌तास काढावेत, पण दुपारी बारानंतर त्या आवारात अनवाणी चालणं म्हणजे परीक्षाच. भाऊजी एका देवळाच्या सावलीतून दुसऱ्या देवळाच्या सावलीत धावत जायचे, तिथे थांबून घाईघाईने एक शिल्प पाहायचे आणि पुन्हा धावायचे. पुजाऱ्याने त्यांना शांतपणे सांगितलं, साहेब, सकाळी सहाला याचं असते.

पुढे गडचिरोलीच्या दक्षिणेला जायचं होतं. ठरवलेल्या गाडीवाल्याला लग्नाचं भाडं मिळालं आणि तो आदल्या रात्री फिरला. मे महिन्यात हे व्हायचंच. मग आम्ही बसने निघालो. गोंडपिपरीला गाडी थांबली तेव्हा चार-पाच पुरुष मंडळी पाणी पिऊन येतो म्हणून उतरली आणि बराच वेळ आली नाहीत. ताईला कारण कळेना. पलीकडे वैनगंगेचा पूल, पुलापलीकडे गडचिरोली जिल्हा, आणि तिथे १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरातही २०१५ ला बंदी आली होती, ती २०२१ ला उठली. त्या बंदीसाठी आमच्या जिल्ह्यातल्या बायका चिमूरहून नागपूरपर्यंत पायी चालत गेल्या होत्या. तेव्हा मी हे हसण्यावारी नेणार नाही. पण पुलाच्या अलीकडे काही लोकांना एकाएकी इतकी तहान लागते आणि पलीकडे पोहोचल्यावर तेच लोक इतके गप्प झोपतात, हे मी कित्येकदा पाहिलं आहे.

आष्टीला गाडी बदलायची होती. इथून माझी गोष्ट सुरू होते.

आल्लापल्लीचा रस्ता दक्षिण-पूर्वेकडे जातो. दुपारी ऊन पश्चिमेचं, म्हणजे उजव्या बाजूने. झाडांची सावली मिळेल म्हणावं तर या दिवसांत सागाला पान नसतं. मैलोन्‌मैल जंगल असतं आणि सावली नसते. तेव्हा डावीकडे बसणं हाच शहाणपणा. स्टँडवरचे लोक दरवाजाकडे धावले तेव्हा मी ताईला मागून घेऊन आत शिरले आणि डावीकडची दोन जणांची सीट पकडली. खिडकीत ताई, शेजारी मी. भाऊजी मागे उभे. सीटवर एक पांढरा दुपट्टा पडलेला होता. मी तो उचलून वरच्या फळीवर ठेवला. कोणाचा तरी राहिला असेल.

गाडी सुरू होण्याच्या बेतात एक वयस्क गृहस्थ चढले. हातात बांबूची टोपली, वरून फडकं बांधलेलं. ते थेट आमच्याजवळ येऊन म्हणाले, "मी दुपट्टा टाकलो होतो जी खिडकीतून. हे जागा माझी हाय."

मी म्हणाले, "भाऊ, आम्ही आधी चढलो."

"चढले असान. दुपट्टा आधीचा हाय."

आता मला यात माझं मत मांडू द्या, कारण त्या दिवशी कोणी मांडू दिलं नाही. खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः टाकला आहे. पण त्याला काही रीत आहे. टाकणारा खिडकीखाली उभा पाहिजे. जो आत येईल त्याला त्याने खालून ओरडून सांगितलं पाहिजे की ही माझी. दुपट्टा टाकून माणूस चहा प्यायला गेला तर त्या दुपट्ट्याची जबाबदारी बसमधल्या बाकीच्यांनी का घ्यायची? आणि दुपट्टा एक, जागा दोन! एका दुपट्ट्याने एकच जागा धरली जाते हे तरी मान्य करा. हे मी सगळं बोलले. अख्खी गाडी ऐकत होती.

मग गाडीचं कोर्ट झालं. मागच्या सीटवरचे एक गुरुजी म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, पण दुपट्ट्याचंही बरोबर आहे. लुगडं नेसलेली एक आजी गोंडीत काहीतरी लांबलचक बोलली आणि तिच्या शेजारच्या पोराने त्याचं मराठी एका शब्दात केलं, "बसू द्या." सिरोंच्याला निघालेला एक माणूस तेलुगूत ताईला सारखा "कूर्चोंडी, कूर्चोंडी" म्हणत होता. ताई बसलेलीच होती, पण त्याच्या आग्रहामुळे ती दोनदा उठून पुन्हा बसली. कंडक्टरकडे पाहिलं तर ते तिकिटं फाडता फाडता म्हणाले, "माणसं किती हे मी सांगतो. कोन कुठं बसते हे तुमी पाहा." पुढे एकजण सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. त्याने घोटणं थांबवून विचारलं, "पन बाबाजी, टोपल्यात का हाय?"

टोपलीत खुडूक कोंबडी होती. अंड्यांवर बसलेली, अंड्यांसकट. रेपनपल्लीच्या बाजूला त्यांची मुलगी दिली होती, तिच्या घरच्या कोंबड्या मेल्या म्हणून हे गृहस्थ तिच्यासाठी ही कोंबडी अंड्यांवरून न उठवता घेऊन निघाले होते. "उनात ठेवलो तं अंडे बी जातीन, कोंबडी बी जाईन," ते म्हणाले. दुपट्टा त्यांनी स्वतःसाठी टाकलाच नव्हता. ती जागा कोंबडीची होती.

हे ऐकल्याबरोबर सगळी गाडी फिरली. गुरुजी फिरले, आजी फिरली, खर्रेवाला फिरला. आणि माझी सख्खी बहीण, जिने आयुष्यात कोंबडी हातात धरलेली नाही, तिने टोपली मांडीवर घेतली. तिची खिडकी कायम राहिली. मग ते गृहस्थ म्हणाले की कोंबडी अनोळखी माणसाजवळ घाबरते, मला बाजूला असाव लागते. ताई माझ्याकडे पाहून म्हणाली, "अगं, सरक ना जरा."

सरकायचं कुठे? उजवीकडे. उन्हात.

तिथे पत्रा असा तापला होता की कोपर टेकवता येत नव्हतं. भाऊजींना माझ्या शेजारी जागा मिळाली. त्यांनी खिशातला कांदा काढून मला देऊ केला. डाव्या बाजूला ताई आणि बाबाजी कोंबडीच्या आजारांबद्दल बोलत होते. कोंबडीला सावली लागते हे मला मान्य आहे. पण साठीच्या उंबरठ्यावरच्या बाईला ती लागत नाही असं कोण म्हणतं? आणि माणूस खरं कारण आधी सांगत नाही, आधी हक्क सांगतो, याचाच मला राग. टोपली दाखवून दोन शब्द बोलले असते तर मी आपण होऊन उठले असते. उठून देणं आणि उठवलं जाणं यात फरक आहे. तो फरक त्या गाडीत कोणाला कळला नाही, बहिणीलाही नाही.

आल्लापल्ली यायच्या आधी बाबाजींनी धोतराच्या सोग्यातून पिकलेली टेंभरं काढली. ताईला मूठभर दिली, मग उठून माझ्याकडे आले आणि मला तिच्यापेक्षा जास्त दिली. "बाई, तुमाले लय ऊन लागलं," म्हणाले. तेंदूचं हे पिवळं, गोड फळ आमच्याकडे पोरं दगड मारून पाडतात, बाजारात क्वचितच येतं. मी खाल्ली. राग काही गेला नाही.

पुढचे दिवस भराभर गेले. भामरागडच्या रस्त्यावरचा 'ग्लोरी ऑफ आल्लापल्ली' पाहिला. २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ झालेला जुन्या, प्रचंड झाडांचा तो तुकडा. कमलापूरचे हत्ती पाहिले. त्यांना रात्री जंगलात मोकळं सोडतात आणि सकाळी माहूत शोधून आणतात. मध्यंतरी हे हत्ती राज्याबाहेर नेण्याची गोष्ट निघाली तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी विरोध केला होता, ते तिथला चहावाला आजही आपल्या घरातलं माणूस पळवून नेत होते अशा रागाने सांगतो. सिरोंच्यात दुकानदार भाव तेलुगूत सांगतो, पैसे मराठीत मोजतो. भाऊजी खूश होते.

एका गावात तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करतात त्या जागी, थांबलो. एक म्हातारी हातातल्या पानांकडे न पाहता गप्पा मारत पुडे बांधत होती. एका पुड्यात ७० पानं. भाऊजींना विश्वास बसेना, त्यांनी एक पुडा मागून घेऊन मोजला. ७० भरली. त्यांनी दुसरा मोजला. म्हातारी म्हणाली, "मोज बाबा, सगळेच मोज, मुन्शीले आराम भेटंल." पहाटे चारला जंगलात जायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर घरात बसून पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मांडायचे. वर्षाचा मोठा पैसा या थोड्या दिवसांत हातात येतो. बऱ्याच ठिकाणी आता ग्रामसभाच हा व्यवहार करतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

तिथेही भाऊजींनी विचारलंच, "आजी, इकडे वाघ दिसतो का?"

ती म्हणाली, "दिसू नये म्हनून तं देवाले नारळ फोडून जातो जी."

बाकीच्या बायका खदखदून हसल्या. भाऊजीही हसले, पण त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कोणाला विचारला नाही. त्या बायका हसल्या म्हणून कोणी असं समजू नये की ही हसण्याची गोष्ट आहे. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ज्या पाण्याजवळ आपण कॅमेरा घेऊन वाघाची वाट पाहतो, तशाच पाण्याच्या आसपास या बायकांचं कामाचं रान असतं. ताडोबातल्या जिप्सीतून खाली न उतरण्याची सूचना आपल्याला असते. त्यांना जिप्सी नसते.

मी सगळ्यांना सांगायचे की आमचा मुलूख पाहायचा तर मेमध्येच या. आता मला तसं ठामपणे म्हणवत नाही. सिरोंच्याकडच्या एका घरी आम्ही पाणी मागितलं तेव्हा घरच्या सुनेने आधी आमचे तिघांचे तांबे भरले आणि मग घागर घेऊन लांबच्या हँडपंपावर गेली. ते मला लागलं. पाहुण्यांनी पावसाळा सरल्यावर यावं, नद्या भरलेल्या असतात, सागाला पानं असतात, कोणाच्या घागरीतलं पाणी कमी होत नाही. ताईला मी फोनवर हेच सांगितलं, यंदा डिसेंबरात या.

ती म्हणाली, "डिसेंबरात टेंभरं असतात का?"

नसतात.